आपलंच सोनं, तीन वर्षांच्या बोलीवर

घरच्या ग्रुपवर आज घानातल्या असांते जमातीच्या राजांच्या सोन्याचा विषय निघाला, आणि आमच्या एका चुलतकाकांनी लिहिलं, "इंग्रजांनी नेलं म्हणून तर टिकलं!" डोकंच फिरलं.

टिकलं? १८७४ मध्ये इंग्रज सेनापती गार्नेट वुल्झलीच्या फौजेनं असांतेंच्या राजधानीतला, कुमासीचा राजवाडा लुटला आणि मग सुरुंग लावून उडवला. लुटीचा लिलाव केला. वर असांतेंवरच ५० हजार औंस सोन्याची खंडणी बसवली!

माझ्या आजीची पुतळ्यांची माळ वाटण्यांच्या वेळी मोठ्या जावेनं दाबली. पुढे आत्याच्या लग्नात तीच माळ दिली, "दोन दिवस घाला, पण परत करा" असं बजावून. आजीनं मुकाट घेतली.

२०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियमनी ३२ वस्तू कुमासीच्या मन्हिया राजवाड्यातल्या संग्रहालयात पाठवल्या. तीन वर्षांसाठी, उसन्या! राजाच्या आत्म्याची शुद्धी करणारे सेवक छातीवर घालायचे ती सोन्याची पदकं त्यात आहेत. कायमचं द्यायला म्हणे कायदा आडवा येतो. कायदा केला कोणी? त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या फाउलर म्युझियमनं सात वस्तू कायमच्या देऊन टाकल्या.

हो, असांतेंनीही शेजारी चिरडले, माणसं गुलाम म्हणून विकली. मान्य. म्हणून इंग्रजांची लूट पवित्र होत नाही.

आणि काका, टिकण्याचंच म्हणत असाल तर ऐका. असांतेंचं सोन्याचं आसन आहे. अख्ख्या जमातीचा आत्मा त्यात आहे असं ते मानतात, राजासुद्धा त्यावर बसत नाही. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसननं ते स्वतःला बसायला मागितलं. एजिसूची राजमाता याआ असांतेवा लढायला उभी राहिली. हरली, सेशेल्सला हद्दपार झाली, तिथेच १९२१ मध्ये गेली. पण आसन लपवलेलं होतं. इंग्रजांना मिळालं नाही, आजही असांतेंकडेच आहे.

(आजीची माळ सध्या कोणाच्या लॉकरमध्ये आहे, हेही काकांना ठाऊक आहे.)

रागावून तरी किती रागावू? त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, त्याच वर्षी, तीनच वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात वाघनखं आली, तेव्हा मीही रांगेत होते. ती महाराजांचीच का, हा वाद ठाऊक असूनही डोळे भरले. आत्याही त्या दोन दिवसांत खूश होती. कुमासीत बघायला येणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण २०२७ मध्ये मुदत संपली की राजानं वाडवडिलांच्या सोन्यासाठी मुदतवाढीचा अर्ज लंडनला करायचा?