सिकलसेलचा रिपोर्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो आहे : ‘सिकलसेल पॉझिटिव्ह असाल तर दिव्यांग कार्ड पक्कं, नोकरीत ४ टक्के आरक्षणही. फॉर्मचे पाचशे रुपये भरा.’ यात खऱ्याला भरपूर खोटं चिकटलं आहे.

खरं एवढंच, की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १९९५च्या कायद्यात तो नव्हता.

पण ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय? गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी एएस (दोष एकाच पालकाकडून आलेला) आणि एसएस (दोन्ही पालकांकडून आलेला, म्हणजे रुग्ण), दोघांचीही पॉझिटिव्ह येते. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचणीत. एएस हा वाहक, म्हणजे रोगी नव्हेच. त्याला प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही. (लग्न जुळवताना मात्र तो रिपोर्ट जरूर बघावा.) एसएस असला तरी दिव्यांगत्वाची टक्केवारी डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणून दवाखान्यात भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे कागद फेकू नका, एका पिशवीत ठेवा. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात.

आरक्षणाचं तर सरळच चुकीचं आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांना मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेला सिकलसेल रुग्ण पात्र ठरतो, आणि नेमकं हेच मेसेजात नाही!

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग कार्डाचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फुकट भरता येतो. झेरॉक्सचे काय ते लागतील.