बासष्ट युनिटांचा आहेर

अमेरिकेतल्या माझ्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयाचे पत्र आले आणि त्यात ‘आपली सर्व 62 युनिटे आम्ही आनंदाने स्वीकारली आहेत’ हे वाक्य वाचले, त्या संध्याकाळी मी शिरा केला. युनिट म्हणजे तिकडचे अभ्यास मोजण्याचे माप, आणि ही 62 मी आधीच्या कॉलेजांत जमवलेली. पदवीला 120 युनिटे लागतात, त्यांतून 62 वजा केली की 58 उरतात आणि 58 युनिटे म्हणजे साधारण दोन वर्षे, एवढा हिशेब त्रेचाळिसाव्या वर्षीही मला येत होता. आठवड्याभराने त्याच कार्यालयातून माझ्या पदवीचा ताळेबंद आला, तेव्हा त्याच्या तळाशी ‘उर्वरित युनिटे : 81’ असे छापलेले होते. कोणा दुसऱ्याचा कागद आला असावा असे आधी वाटले; पण नाव माझेच होते आणि ते नेहमी जसे चुकते तसेच चुकलेले होते, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

फोनवरच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात मला सांगितले की ‘स्वीकारणे’ आणि ‘लागू करणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझी 62 युनिटे स्वीकारली गेली होती, हे खरे. मात्र पदवीच्या अटींना त्यांतली 31 लागू झाली होती, 8 ‘मुक्त ऐच्छिक’ या सदरात बसली होती आणि ते सदर तिथेच भरल्यामुळे उरलेली 23 युनिटे नुसतीच माझ्या नावावर होती. हा भेद मला इंग्रजीत कळला नसता, पण मराठीत तात्काळ कळला. लग्नात आलेला आहेर आपण हसतमुखाने दोन्ही हातांनी स्वीकारतो, पाकिटावरचे नाव वहीत टिपून ठेवतो, आणि त्यातली साडी न उलगडताच कपाटाच्या वरच्या खणात टाकतो. माझी 23 युनिटे त्या खणात गेली होती.

मुळात मी एस. वाय. बी. ए.ला असताना लग्न झाले, आणि पुढचे शिक्षण ‘तिकडे गेल्यावर बघू’ या सदरात पडले. तिकडे म्हणजे कॅलिफोर्नियात. तिथे सरकारी कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे स्वस्तात शिकवणाऱ्या कॉलेजांचे, मोठे जाळे आहे, 116 कॉलेजे आहेत, आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर एवढीच फी पडते. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळत, जमेल त्या सत्रात जमेल तो विषय घेत, दोन वेगवेगळ्या कॉलेजांतून मी सात वर्षांत ही 62 युनिटे जमवली. मुंगीने वारुळात साखर नेऊन ठेवावी, तशी. मानसशास्त्राच्या पदवीसाठी मी जे खाजगी ख्रिस्ती विद्यापीठ निवडले ते घरापासून बारा मिनिटांवर होते, हे त्या निवडीमागचे सर्वांत मोठे शैक्षणिक कारण. तिथल्या एका युनिटची फी कम्युनिटी कॉलेजच्या फीच्या पंधरा पटींहून जास्त असल्यामुळे, वाया जाणारे प्रत्येक युनिट मला सोन्याच्या भावाने दिसत होते.

कम्युनिटी कॉलेजातल्या आमच्या काउन्सेलर बाईंनी, म्हणजे विषय निवडायला सल्ला देणाऱ्या बाईंनी, मला सावध केले नव्हते असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय सरकारी विद्यापीठात कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरला जाईल, हे सांगणारी ‘असिस्ट’ नावाची अधिकृत यादी आहे. ती संगणकावर उघडावी आणि डोळे मिटून निर्धास्त व्हावे. खाजगी विद्यापीठांचा कारभार ज्याचा त्याचा असतो आणि त्यांचे करार कॉलेजागणिक निराळे असतात. शिवाय सामान्य शिक्षणाचा, म्हणजे कोणत्याही पदवीला लागणाऱ्या पायाभूत विषयांचा, ठरलेला आराखडा पुरा केल्यास शेवटच्या कॉलेजकडून तसे प्रमाणित करून घेता येते, आणि काही खाजगी विद्यापीठे ते प्रमाणपत्र पाहून तो सगळा गठ्ठा न सोडता आत घेतात. मात्र ते प्रमाणपत्र मागावे लागते, आपोआप मिळत नाही. हे मला काउन्सेलरबाईंनी सांगितले होते, मी ते वहीत लिहून घेतले होते, आणि ती वही मला 81 चा ताळेबंद आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात सापडली.

कागदपत्रांचा पहिला अंक मात्र आमच्या घरातच झाला. एका कॉलेजने ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषयांचे व गुणांचे अधिकृत पत्रक, इलेक्ट्रॉनिक मार्गाने क्षणात पाठवली. दुसऱ्याने ती टपालाने माझ्याच पत्त्यावर पाठवली, बंद पाकिटात, झाकणावर आडवा शिक्का मारून. हे पाकीट मी न उघडता विद्यापीठात नेऊन द्यायचे होते. मी कामावरून परतले तेव्हा आमचे हे सुरी हातात घेऊन उभे होते. “पाण्याचं बिल वाटलं,” एवढेच ते म्हणाले. कागद तोच, गुण तेच, सही तीच. पण सुरीचा स्पर्श होताच अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट अनधिकृत झाली होती. नगरला राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यासाठी दुपारचे तीन तास बाकावर काढलेल्या मला यात नवल वाटायला नको होते, तरी वाटले. कारण तिथे निदान शिक्का उठल्यावर कागदाची किंमत वाढत असे, आणि इथे ती पाकिटाबरोबर फाटली होती.

दुसरा अंक गणिताचा. माझ्या दोन कॉलेजांपैकी एक सेमिस्टरने, म्हणजे वर्षातल्या दोन लांब सत्रांनी, चालणारे आणि दुसरे क्वार्टरने, म्हणजे तीन आखूड सत्रांनी, चालणारे होते, आणि क्वार्टरचे एक युनिट म्हणजे सेमिस्टरचे दोन तृतीयांश. क्वार्टरच्या कॉलेजात मी संख्याशास्त्राचा 4 युनिटांचा विषय केला होता. त्याचे सेमिस्टरमध्ये 2.67 झाले. विद्यापीठाला 3 हवे होते. म्हणजे मला संख्याशास्त्र येत होते, त्यात ‘ए’ श्रेणी होती, पण ते 0.33 ने कमी येत होते. वाण्याकडे पावशेराला दोन दाणे कमी पडले तर तो मूठभर टाकून पुडी बांधतो. रजिस्ट्रारच्या तराजूला मूठ नसते. या तराजूचा इतिहास शोधताना कळले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी प्रतिष्ठानने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देऊ केले, त्यासाठी शिक्षण मोजण्याचे एक ठरावीक माप कॉलेजांना अंगीकारावे लागले, आणि त्यातूनच ही युनिटांची मोजणी फोफावली. कोणा वृद्ध प्राध्यापकाच्या पेन्शनपायी आज माझे एक तृतीयांश युनिट अडले होते, असे म्हणायला हरकत नाही.

खरा रंग भरला तो धर्माच्या अटीत. विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याला बायबलचे दोन भाग, म्हणजे जुना करार व नवा करार, आणि ख्रिस्ती सिद्धान्त असे मिळून 9 युनिटांचे तीन विषय घ्यावे लागतात. मी कम्युनिटी कॉलेजात ‘जगातील धर्म’ हा विषय केला होता आणि तो इथे लागू होईल अशी माझी भाबडी समजूत होती. त्या वर्गातला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे: हिंदू धर्माचा आठवडा आला तेव्हा प्राध्यापकांनी वर्गातली एकमेव भारतीय म्हणून मला उभे केले आणि मी, नगरच्या ख्रिस्ती घराण्यातली चौथी पिढी, शेजारच्या कुलकर्णी काकूंच्या भरवशावर वीस मिनिटे दिवाळीवर बोलले. मला ‘ए’ मिळाला. त्या विषयाला विद्यापीठाने वरच्या खणात टाकले. एका युनिटाचा योगासनांचा विषय मात्र शारीरिक शिक्षण म्हणून एक शब्दही न विचारता लागू केला.

मी लेखी अर्ज केला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणे मांडले, आणि माझ्या पणजोबांना अक्षरओळख व बाप्तिस्मा दोन्ही त्यांच्याकडूनच झाले. तेव्हा ज्या देशाने आमच्या घरी बायबल आणून दिले, त्याच देशात मला ते पुन्हा विकत घ्यायला लावू नये, अशी नम्र विनंती मी त्यात केली. शब्बाथ शाळेतली, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेतली, चौदा वर्षेही जोडली. उत्तर दोन ओळींचे होते आणि शेवटी ‘देव तुम्हांला आशीर्वादित करो’ असे होते. त्या कार्यालयाचा प्रत्येक नकार आशीर्वादाने संपत असे, त्यामुळे मनाजोगते चिडताही येत नसे.

एक सोय होती: फी भरून परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास त्या विषयाचे युनिट मिळवावे. मी दोन्ही करारांच्या परीक्षांना बसले आणि तिथे ध्यानात आले की मला सगळे बायबल मराठीत येते. त्यातले ‘उपदेशक’ हे पुस्तक मला तोंडपाठ होते, पण त्याचे इंग्रजी नाव कागदावर लिहिताना अक्षरे कोणत्या क्रमाने येतात हे देवच जाणे. यशया, यिर्मया, नहेम्या आणि हबक्कूक हे सगळे ओळखीचे लोक परक्या पोशाखात समोर बसले होते. जुन्या कराराच्या परीक्षेत मी काही गुणांनी गेले. नव्या करारात ‘जेम्सच्या पत्रा’ला मी ‘जेकबचे पत्र’ म्हटले, कारण आमच्याकडे दोघेही याकोबच. तपासणारे प्राध्यापक ग्रीक शिकवत असत. त्यांनी मला बोलावून घेतले, मूळ ग्रीकमध्येही ते नाव याकोबाच्याच वळणाचे आहे आणि इंग्रजीनेच त्याचा जेम्स केला, असे अर्धा तास आनंदाने सांगितले, आणि उत्तीर्ण केले. 81 चे 78 झाले. दर आठवड्याच्या चॅपलच्या उपासनेला मात्र सूट नव्हती; तिला शून्य युनिटे आहेत आणि तिच्या हजेरीवाचून पदवी नाही.

राहता राहिले संख्याशास्त्राचे 0.33. तिसऱ्या अर्जानंतर कार्यालयाने तोडगा सुचवला की मी एका युनिटाचा ‘स्वतंत्र अभ्यास’ घ्यावा. तो मी सध्या करते आहे, दर मंगळवारी, संख्याशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकाकडे. पूर्ण युनिटाची फी भरली आहे. सत्र संपले की त्यातले एक तृतीयांश लागू होईल आणि उरलेले दोन तृतीयांश स्वीकारले जाईल, असे पत्र कालच आले. वरच्या खणात आता 23.67 होतील.