मावशी, त्या हिरव्या गोळीने रक्त वाढत नाही

मावशीकडे गेलो तर फ्रिजवर स्पिरुलिनाच्या, म्हणजे वाळवलेल्या नील-हरित शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांचा डबा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच पडलेल्या. हिमोग्लोबिन ८.४! विचारलं तर फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे केला. ‘स्पिरुलिना म्हणजे हिरवं रक्त. पालकाच्या ५८ पट लोह, भरपूर बी-१२, साइड इफेक्ट शून्य.’

‘हिरवं रक्त’ आधी उरकतो. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिनमधलं हीम यांची रचना मिळतीजुळती असते, पण एकाच्या मधोमध मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह. पोटात गेल्यावर कोणी ते बदलून बसवत नाही. नाहीतर कोथिंबिरीच्या जुडीनेच काम भागलं असतं.

५८ पट? ही तुलना वाळलेल्या पावडरीची आणि नव्वद टक्के पाणी असलेल्या ओल्या पालकाची. तरीही अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम पावडरीत २८.५ मिलिग्रॅम लोह, पालकात २.७. म्हणजे फार तर साडेदहा पट. आणि मावशी खाते रोज अर्ध्या ग्रॅमच्या दोन गोळ्या, म्हणजे ०.३ मिलिग्रॅमसुद्धा नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या मोठ्यांच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. बरोबरी करायला हिरव्या गोळ्या लागतील सुमारे ४२०. आकडा मी मुद्दाम निवडलेला नाही, भागाकारच तसा येतो.

खरा राग आहे तो बी-१२ जीवनसत्त्वाच्या दाव्यावर. मावशी शाकाहारी, पायांना मुंग्या येतात, म्हणजे ज्यांना बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त, त्यांच्यातलीच. या शेवाळात असतं ते बहुतांश तोतया बी-१२. दिसायला तसंच, शरीराच्या उपयोगाचं नाही. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बी-१२ कमी असलेल्या मुलांवरचा अभ्यास छापला. नोरी (जपानी समुद्री शेवाळ) आणि स्पिरुलिना खाणाऱ्या मुलांच्या रक्तात बी-१२ चा आकडा वाढला, पण लाल पेशींचा आकार आणखी बिघडला. म्हणजे रिपोर्ट छान आणि रक्त खराब. तेवढ्यात नसांचं नुकसान होत राहिलं तर ते पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही.

बरं, अगदीच काही नाही असं म्हणत नाही. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपुढच्या चाळीस जणांना बारा आठवडे स्पिरुलिना दिल्यावर पेशींमधलं हिमोग्लोबिन थोडं वाढलं होतं. मात्र तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गटच नव्हता. प्रोटीन चांगलं आहे, मान्य. पण ते डाळीतही मिळतं, आणि डाळ खाताना कोणी औषध बंद करत नाही.

साइड इफेक्ट शून्य म्हणे! उघड्या तळ्यातून काढलेल्या नील-हरित शेवाळाच्या गोळ्यांत यकृताला घातक मायक्रोसिस्टिन नावाचं विष सापडलेलं आहे. डब्यावर तळ्याचा फोटो नसतो, एवढंच.

शेवटी मावशीला विचारलं, डॉक्टरांनी दिलेली लाल गोळी का सोडली? तर म्हणे, फरकच पडेना. मग घेत कशी होतीस? म्हणाली, ‘रोज घेत होते की, सकाळच्या चहाबरोबर.’ चहा लोह अंगी लागू देत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आता जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घेते आहे. डबा अजून फ्रिजवरच आहे. म्हणते, पैसे गेलेत, फेकू कशाला?