गावात कोण बघायला येतंय?

आज सकाळी मामेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. "अक्का, गुरुवारी स्लॅब हाय, ये." जुन्या घरावर मजला चढतोय, सेंटरिंग झालंय, वर उभी राहून त्याची दोन्ही पोरं हात हलवतायत. मी पोरांना बघून हसले आणि मग मागं नजर गेली. जिन्याकडचा एक कॉलम अजून भरायचा होता, त्याचे गज उघडे होते. चार गज आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा हातहात अंतरावर. खरंच हातभर. व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला. रिंगांची टोकं नुसती काटकोनात मुडपलेली. बीमच्या पिंजऱ्यातही तेच.

मी लगेच फोन लावला. भावानं फोन मिस्त्रीकडं दिला. मी म्हटलं, भाऊ, कॉलम बीमला मिळतो तिथं तरी चार-चार इंचावर रिंगा लागतात ना? टोकं आत वळवायला लागतात, नाहीतर हादरा बसला की रिंग उघडते आणि गज बाहेर फुगतात. माणूस अगदी आदबीनं बोलला. "म्याडम, सगळ्या गावाला असंच बांधून दिलंय. गावात कोण बघायला येतंय?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ऑफिसात बसून हे लिहितेय.

कारण हे गाव म्हणजे माझं आजोळ. किल्लारीपासून लांब नाही. १९९३ च्या भूकंपानंतर जी ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यांतलं एक. ज्या घरावर मजला चढतोय ते भूकंपात मिळालेलं ४०० चौरस फुटांचं घर आहे. भूकंपात मिळालेलं! आणि त्याच्यावर हातभर अंतराच्या रिंगा!

माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना ती पहाट सांगायला नको. ३० सप्टेंबर, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यांत माझी आजी होती.

आजीचं घर माळवदाचं. अडीच-तीन फुटी दगडी भिंती, चिखलात रचलेल्या. वर लाकडी खांब, तुळया आणि त्यावर मातीचा थर. दर वैशाखात, पावसाच्या आधी, माळवदावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. मी सुट्टीला असायचे. आजी टोपली भरायची, मामा शिडीवर आणि मी मध्ये, टोपल्या हातोहात वर. त्या वर्षीही टाकली. मी अकरा वर्षांची होते. जुनी माती कुणी काढायचं नाही, तिच्यावरच नवी टाकायची. कितीएक वर्षांचं ओझं होतं ते डोक्यावर, कुणाला ठाऊक.

आजी भिंतीकडंला झोपायची, गार लागतं म्हणून. मामा-मामी आणि चार वर्षांचा हा माझा भाऊ मधल्या खणात, खांबाजवळ. भिंती बाहेर ढासळल्या, भिंतीकडचं माळवद खाली आलं. मधले खांब उभे राहिले. वडील मला तिसऱ्या दिवशी घेऊन गेले तेव्हा सगळ्या ढिगाऱ्यात ते दोन लाकडी खांब उभे होते आणि त्यांच्यावर तेवढाच मातीचा तुकडा. त्या तुकड्याखालून तीन माणसं जिवंत निघाली.

म्हणून मला कुणी "नशीब" म्हटलं की राग येतो. नशीब कसलं? भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते आणि ते एकमेकांना कशानंच बांधलेले नव्हते. आरपार जाणारा एक लांब दगड दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर घातला असता तर भिंत एवढ्या सहज फुटली नसती. हा नियम भारतीय मानकात छापलेला आहे, आयएस १३८२८ मध्ये. आणि ते मानक कोणत्या वर्षाचं? १९९३ चं. पुस्तक आणि भूकंप एकाच वर्षी आले. आमच्या मिस्त्रींपर्यंत फक्त भूकंप पोचला.

तेव्हा नकाशावर आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, झोन एकमध्ये. २००२ साली तो झोन तीनमध्ये आला. म्हणजे धोका आहे हे सरकारनं लिहून कबूल केलंय. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली-नांदेडकडं जमीन हलली तेव्हा लोक रस्त्यावर आले होतेच की. दोन दिवस बातम्या झाल्या, मग परत हातभर रिंगा.

भावाला विचारलं, अरे, परवानगीचं काय केलंस? म्हणाला, "लहान घराला लागत न्हाई आता, अक्का. नकाशा आन् इंजिनिअरचा दाखला पंचायतीत दिला." बरोबर आहे त्याचं. २०२१ मध्ये सरकारनं गावाकडच्या १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला परवानगीतून मोकळं केलं. मालकीचे कागद, नकाशा आणि बांधकाम नियमांप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, बस. आता हा दाखला देणारा साहेब जागेवर आला होता का? नाही. तालुक्याला बसून सही केली, पैसे घेतले. जुनं घर एकाच मजल्यासाठी बांधलेलं आहे, त्याच्या पायाला नवीन ओझं झेपेल का, हे त्यानं बघितलं का? त्याला घर पूर्वेला आहे की पश्चिमेला हेही सांगता येणार नाही!

पूर्वी एका खोलीच्या परवानगीसाठी तालुक्याला दहा खेटे घालावे लागायचे आणि प्रत्येक टेबलावर काहीतरी ठेवावं लागायचं, हे मान्य. सूट दिली ते त्यासाठीच, तेही मान्य. पण खेटे बंद करताना बघणारा माणूसही बंद का केला? मला कागद नकोच आहेत. मला एक माणूस हवाय, जो तीनदा त्या जागेवर येईल: पाया भरताना, दार-खिडक्यांच्या वर, लिंटेलला पट्टा टाकताना आणि स्लॅबच्या आधी. पंधरा मिनिटं उभा राहील, रिंगा मोजेल, आणि चुकीचं असेल तर गुत्तेदाराला तोंडावर सांगेल, काढ. बस.

आणि कुणी म्हणू नका की खेड्यात हे शक्य नाही. भूकंपानंतर झालं होतं ते! दुरुस्तीच्या कामावर इंजिनिअर गावोगाव यायचे, मालकासोबत भिंतीजवळ उभे राहायचे. गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. चार बुकं शिकलेल्या बायका घरोघरी जाऊन सांगायच्या, पैसा रंगाला नको घालू, कोपऱ्याला घाल. माझी मामी त्या बायकांचं ऐकून मिस्त्रीशी भांडलेली मी पाहिलीय. प्रकल्प संपला आणि ती माणसंही गेली.

घरकुलाचं तर बोलूच नये. सरकारी अनुदानात माणसानं काय काय करायचं? सिमेंट, वाळू, गज, मजुरी. उन्हाळ्यात प्यायला टँकर, तर स्लॅबला सात-दहा दिवस पाणी कुठलं मारणार? हे सगळं कळतं मला. पण रिंगा जवळ घालायला जास्तीचं लोखंड किती लागतं? त्या अख्ख्या घराच्या खर्चात ते कुठं दिसणारही नाही. आम्ही दारासमोरच्या ग्रॅनाइटला पैसे देतो.

दुपारी भावाला परत फोन केला. मी ओरडले. तो ऐकून घेत होता, मग हळूच म्हणाला, "अक्का, धाकट्या भावाच्या लग्नाचं बघायलोय. वर खोली न्हाई म्हटल्यावर पाव्हणे चहा घेऊन उठतेत. स्लॅब पुढं ढकलला तर सेंटरिंगवाला सामान घेऊन जातो. मी काय करू सांग." मला काही बोलता आलं नाही. तो चार वर्षांचा होता, त्याला त्या पहाटेचं काहीच आठवत नाही. मी त्याच्यावर कशाला ओरडले? दाखल्यावर सही करणाऱ्यावर ओरडायला पाहिजे होतं.

मग विचारलं, मामा काय म्हणतात? म्हणाला, "अण्णा काय म्हणणार. ते बाहेरच झोपतेत, पत्र्याखाली."

तेहतीस वर्षं होत आली. मामा एक रात्र स्लॅबखाली झोपलेले नाहीत. थंडीत नाही, पावसात नाही. आणि आम्ही त्यांच्याच डोळ्यांसमोर, त्यांच्या नातवांच्या डोक्यावर, परत टोपल्या वर चढवतोय.

मी आज रात्रीच्या गाडीनं निघतेय. औसा-लातूर भागात कुणाच्या ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर असेल तर कृपया मेसेज करा. सही करणारा नको, बुधवारी सकाळी प्रत्यक्ष जागेवर येणारा हवा. त्याची फी आणि सेंटरिंगचं वाढीव भाडं मी देईन. बीमचा पिंजरा अजून उघडा आहे, रिंगा अजून घालता येतील. जुन्या भिंती आणि पाया त्यानं बघावा, आणि नाही म्हणाला तर मजला होणार नाही. भावाशी मी बोलेन.