‘कॉइल नाही म्हणून तापत नाही’ म्हणे!

भाचीने तो फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मग मी पंखा उगाच लावला होता. काढून टाकला." दुसऱ्या दिवशी फोटो आला. पिझो ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे कंपनाच्या जोरावर व्होल्टेज बदलणाऱ्या सिरॅमिकची, पट्टी बरोब्बर मधोमध मोडलेली.

फॉरवर्डचं म्हणणं असं: पिझोइलेक्ट्रिक ट्रान्सफॉर्मरमध्ये कॉइल नाही, लोखंडी गाभा नाही, म्हणून तो तापत नाही. कार्यक्षमता 98 टक्के. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावला तर उलट बिघडतो. आणि कडी म्हणजे, तापलाच तर उत्तम, कारण सिरॅमिक तापलं की जास्त वीज देतं.

या शेवटच्या अकलेच्या ताऱ्यापासूनच सुरुवात करतो, पट्टी त्यानेच मोडली. तापमान बदलत असताना या सिरॅमिकवर थोडा विद्युतभार जमतो, इतकंच खरं. तापमान स्थिरावलं की खेळ खलास. शिवाय ती उष्णता आली कुठून? तुम्हीच दिलेल्या विजेतून. आपल्याच खिशातून पडलेली नाणी उचलायची आणि पगार वाढला म्हणायचं, तसलं हे. प्रत्यक्षात पट्टी तापली की तिचा रेझोनन्स, म्हणजे ती सगळ्यात जोरात कंपते ती वारंवारता, सरकतो; तिला कंपवणाऱ्या विजेची वारंवारता मात्र तिथेच, म्हणून आउटपुट पडतं. ते भरून काढायला माणूस इनपुट व्होल्टेज वाढवतो. कंपन वाढतं, लॉस वाढतो, पट्टी आणखी तापते. असं चालू राहिलं तर ती तडकते, नाहीतर सिरॅमिकचं ध्रुवीकरण, ज्याच्यामुळे ते पिझो म्हणून चालतं, तेच उतरायला लागतं. त्यासाठी क्युरी तापमान, म्हणजे ध्रुवीकरण पार नाहीसं होतं ते तापमान, गाठावं लागत नाही. सेल्सिअसमध्ये त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, हा जुना ठोकताळा आहे.

कॉइल नाही, मान्य. तांब्याचा आणि गाभ्याचा लॉस नाही, तेही मान्य. पण पट्टी सेकंदाला हजारो वेळा ताणली-दाबली जाते, त्यातला यांत्रिक लॉस जातो कुठे? अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात पिझो सिरॅमिकवर संशोधन केलेल्या केंजी उचिनो यांनी हाय-पॉवर सिरॅमिकची मर्यादाच अशी ठरवली: कंपनाच्या ज्या वेगाला नमुना 20 अंशांनी तापतो, तो कमाल वेग. न तापणाऱ्या वस्तूची मर्यादा कोणी तापण्यावरून ठरवेल का?

98 टक्क्यांचं तर साधं गणित आहे. पट्टी 25 बाय 25 मिमी, जाडी 2 मिमी, आउटपुट 20 वॅट. 98 टक्के धरले तरी 0.4 वॅटची उष्णता. स्थिर हवेत एवढ्याशा पृष्ठभागावर ती साधारण 28 अंशांची वाढ करते. कार्यक्षमता 95 वर आली की वाढ 70 अंशांच्या आसपास. म्हणजे पॉवरला लगाम घालते ती उष्णताच.

हीटसिंकबद्दल मात्र, नाइलाजाने, अर्धं खरं. स्क्रूने आवळला तर कंपनच दाबलं जातं. पण पूर्ण पट्टी कोणी आवळायला सांगितली? अर्ध्या तरंगलांबीवर चालणाऱ्या पट्टीत मधली रेषा जवळजवळ हलत नाही, तिलाच नोड म्हणतात. टोकं नाचतात, ताण सगळा मध्ये, म्हणून सगळ्यात जास्त तापतं तेही तिथेच. भाचीची पट्टी मोडली तीही याच रेषेवर. सिरॅमिक उष्णता नीट वाहून नेत नाही, तेव्हा ती काढायचीही इथूनच: नोडवर मऊ थर्मल पॅडची अरुंद पट्टी, आणि वरून हवा.

नवी पट्टी आली की भाचीने पंखा परत लावायचा, आउटपुट हळूहळू वाढवायचं आणि तापमान मधल्या रेषेवर इन्फ्रारेड थर्मामीटरने बघायचं. बोट लावून नाही, तिथे व्होल्टेज असतं.