मावशीच्या ग्रुपवरची 'थकलेली' ॲड्रिनल

काल रात्री मावशीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, "अरे, ती स्टेरॉइडची गोळी मी परवापासून सोडली." संधिवातासाठी दोन वर्षं रोज चालू असलेली प्रेडनिसोलोन! कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: 'ताणाने ॲड्रिनल ग्रंथी थकतात, कॉर्टिसॉल संपतं, म्हणून सकाळी उठवत नाही. स्टेरॉइड सोडा, मीठ-पाणी प्या, २१ दिवसांत ग्रंथी ताज्या.' खाली हात जोडलेले.

आधी स्टेरॉइडचं, कारण बाकीचा नुसता खुळचटपणा आहे, हे जिवावर बेतणारं आहे. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, आपल्या मर्जीने सोडत नाहीत. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी एसीटीएच हे हार्मोन पाठवते, तेव्हा कॉर्टिसॉल बनतं. रक्तात ते पुरेसं झालं की वरून हुकूम थांबतो. महिनोन् महिने गोळीतून स्टेरॉइड येत राहिलं, तरी हुकूम थांबतोच आणि ग्रंथी आक्रसतात. म्हणजे ग्रंथी सुस्तावतात हे, नाइलाजाने का होईना, मावशीच्या बाबतीत मान्य करावं लागतं. पण ताणाने नव्हे, गोळीने. आणि म्हणूनच ती गोळी एकदम सोडायची नसते! डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, ग्रंथींना जागं व्हायला वेळ देतात. झटक्यात बंद केली तर उलट्या, बीपी कोसळणं, थेट आयसीयू. तिथे मीठ-पाणी काय करणार? शिवाय मावशीला एरवी हाय बीपी आहे. तिलाच मीठ पाजताय?

आता 'थकवा'. २०१६ साली 'बीएमसी एंडोक्राइन डिसऑर्डर्स' या नियतकालिकात ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास तपासले. निष्कर्ष शीर्षकातच आहे: ॲड्रिनल फटीग अस्तित्वात नाही. ग्रंथी खरंच निकामी होतात तो ॲडिसनचा आजार, १८५५ पासून माहीत असलेला. त्यात वजन उतरतं, हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा काळ्या पडतात. आपल्याकडे त्यामागे टीबीही असू शकतो. त्याचं निदान रक्त तपासून होतं, फॉरवर्ड वाचून नाही.

आणि सकाळचं कॉर्टिसॉल? ते दिवसातलं सगळ्यात जास्त सकाळीच असतं, म्हणून तर लॅबवाले आठ वाजता रक्त द्यायला बोलावतात. थकवा खोटा नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड बघा, झोप बघा.

मावशीला रात्रीच डॉक्टरांशी बोलायला लावलं, गोळी पुन्हा सुरू झाली. हे सगळं तिच्याकरवी ग्रुपवर टाकलं. आतापर्यंत एकच अंगठा आलाय. तोही मावशीच्या नणंदेचा, आणि ती कशालाही अंगठा देते.