मोबाइल काढून घेतल्याने ताण जात नाही

गेल्या महिनाभरात पालकांच्या तीन निरनिराळ्या व्हॉट्सॲप गटांतून एकच संदेश माझ्याकडे आला. त्याचा आशय असा, की आमच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, शाळेसाठी कोसभर पायपीट केली, पण ताण हा शब्द कधी ऐकला नाही. आताच्या महाविद्यालयीन मुलांचा ताण हे मोबाइलने लावलेले खूळ आहे, तो काढून घ्या, पहाटे चारला उठवा, लाड बंद करा, की सगळे ताळ्यावर येईल. थोडा ताण तर हवाच, आणि समुपदेशकाकडे जाणे म्हणजे डोक्यावर परिणाम झाला. नाशिकमध्ये बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना शिकवत असल्याने या विधानांना उत्तर देणे मला भाग वाटते.

पहिले विधान, पूर्वी ताण नव्हता. हे सांगणारा प्रत्येक जण त्या काळी पास झालेला असतो. मॅट्रिकला नापास होऊन शेतावर परतलेला किंवा दुसऱ्या वर्षी नाव कमी केलेला त्याचा वर्गमित्र या गटात नसतो, त्यामुळे त्याचे म्हणणे कोणी पुढे पाठवत नाही.

शिवाय आजच्या ताणाची कारणे मुळीच नाजूक नाहीत. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या महाविद्यालयांत येणारी कित्येक मुले घरातली पहिलीच पदवीधर होणार असतात. कॉट बेसिसवरची (एका खाटेपुरते भाडे असलेली) खोली, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च दर महिन्याला ठरलेला असतो. घरून येणारा पैसा मात्र शेतमालाच्या बाजारभावावर हलतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा चांदवडकडचा एक विद्यार्थी मला त्याची हिशेबाची वही दाखवत होता. कॉटचे भाडे, मेस, बसचा पास हे आकडे शाईने लिहिलेले होते आणि फीच्या दुसऱ्या हप्त्याची ओळ तेवढी पेन्सिलने, तीही इतक्या वेळा खोडलेली की तिथे कागद झिरझिरीत झाला होता. त्याच आठवड्यात त्याच्या दोन विषयांच्या इंटर्नल, म्हणजे अंतर्गत परीक्षा होत्या आणि आधीच्या सत्राची एक केटी, म्हणजे राहिलेला विषय, डोक्यावर होती. या मुलाचा मोबाइल काढून घेऊन नेमके काय साधले असते?

मोबाइलबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, हे मान्य केले पाहिजे. रात्री दीडपर्यंत रील पाहणारा विद्यार्थी सकाळच्या प्रॅक्टिकलला पेंगतो, हे मी रोज पाहतो. पण वेळापत्रक, सबमिशनच्या तारखा, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि त्यासाठीचा ओटीपी सारे मोबाइलवरच येत असल्यामुळे तो हिसकावून घेणे म्हणजे मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यासारखे आहे. रात्री दहानंतर गट मूक करणे आणि मोबाइल उशापासून दूर, दुसऱ्या भिंतीजवळ चार्जिंगला लावणे एवढे पुरेसे होते. बहुतेक मुलांना ते जमतेही.

पहाटे चारचा आग्रह तर अभ्यासाच्याच मुळावर येणारा आहे. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तासांची झोप लागते आणि दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. नऊला झोपणाऱ्याने चारला उठावे. बाराला मेसचे ताट धुऊन अभ्यासाला बसणाऱ्याने उठू नये. थोडा ताण हवाच, हे संदेशातले म्हणणे मला पटते, पण त्याला मर्यादा आहे. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्येच दाखवले, की दाब वाढवला की शिकणे काही मर्यादेपर्यंत सुधारते, पुढे बिघडते, आणि काम जितके अवघड तितकी ती मर्यादा लवकर येते. (त्यांचे प्रयोग उंदरांवर होते, आपल्याकडे ते मुलांवर चालू आहेत.)

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे डोक्यावर परिणाम झाला, हे शेवटचे विधान सर्वांत घातक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनाशुल्क, रात्री-अपरात्रीही बोलता येते.

चांदवडच्या त्या मुलाशी समुपदेशक पहिल्या भेटीत मनाबद्दल फारसे बोललेच नाहीत. त्यांनी वही मागून घेतली आणि कोणते काम या आठवड्यात करायचे, कोणते पुढच्या, याच्या खुणा केल्या. उत्पन्नाचा दाखला जुना असल्याने शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला होता. तो दाखला नव्याने काढायला त्याला तहसीलमध्ये पाठवले. मेसवाल्या काकूंनी पैसे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत देण्याची सवलत दिली. केटी त्याने पुढच्या सत्रात सोडवली. फीची ओळ मात्र तेव्हाही पेन्सिलनेच होती.